गलांड्याचं फूल सुकलं म्हणून लगेच खुडू नका! पुढच्या वर्षीची बाग त्याच गोंड्यात तयार होत असते

दसरा-दिवाळीच्या आधी फुलबाजारात चक्कर मारली असेल, तर हे फूल तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. झेंडू आणि शेवंतीच्या ढिगांच्या बाजूला लाल-पिवळ्या फुलांचा आणखी एक ढीग असतो. मध्ये तपकिरी-लालसर गोंडा, भोवती लाल पाकळ्या आणि त्या पाकळ्यांची टोकं पिवळी. हारात, तोरणात, गाडीच्या पूजेत हे फूल सगळीकडे असतं. पण त्याचं नाव विचारलं, तर निम्मे लोक "तो झेंडूचाच प्रकार ना?" असं म्हणतात.

तर मंडळी, हा झेंडू नाही. हा आहे गलांडा. रोपवाटिकेत याला गॅलार्डिया म्हणतात आणि इंग्रजीत ब्लँकेट फ्लॉवर.

कमी पाण्यावर येणारं, कडक उन्हात न कोमेजणारं आणि महिनोनमहिने फुलत राहणारं असं हे झाड आहे. त्यामुळे गच्चीवर, गॅलरीत किंवा अंगणात फुलझाडं लावणाऱ्यांसाठी ते अगदी सोयीचं. एकदा लावलं की पुढच्या वर्षीचं बी घरच्या घरी मिळायला हवं. पण बरेच जण फुलं सुकली की खुडून ठेवतात, पुढच्या हंगामात ती चुरून कुंडीत टाकतात, आणि मग काहीच उगवत नाही. शेवटी पुन्हा बियांचं पाकीट विकत आणावं लागतं.

असं का होतं? कारण फूल सुकणं आणि बी पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींमध्ये काही आठवड्यांचं अंतर असतं. ते अंतर कसं ओळखायचं आणि तोपर्यंत झाडाचं काय करायचं, हे आज समजून घेऊया.

हे फूल आलं कुठून?

गलांडा आपल्याकडे इतका रुळलाय की तो इथलाच वाटतो. पण त्याचं मूळ घर आहे अमेरिका खंड. आपल्याकडे हारासाठी प्रामुख्याने लावतात ती गॅलार्डिया पल्चेला ही जात दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या, म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा वगैरे भागांतल्या, आणि उत्तर मेक्सिकोतल्या माळरानावर आपोआप उगवते. ओक्लाहोमाने तर १९८६ मध्ये तिला राज्याचं रानफूल म्हणून जाहीर केलं.

'ब्लँकेट' हे नाव कशावरून पडलं? तिथल्या मूळ रहिवाशांच्या विणलेल्या घोंगड्यांमध्ये लाल, पिवळा, केशरी असे भडक रंग असायचे. या फुलांचे रंगही तसेच, म्हणून हे नाव. गॅलार्डिया हे शास्त्रीय नाव मात्र अठराव्या शतकातल्या गेयार नावाच्या एका फ्रेंच न्यायाधीशाच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. त्यांना वनस्पतिशास्त्राची आवड होती आणि ते अभ्यासकांना मदत करत.

या कुळातली दुसरी महत्त्वाची जात म्हणजे गॅलार्डिया अरिस्टाटा. ती थंड प्रदेशातली आणि बहुवर्षायू आहे, म्हणजे हिवाळ्यात वरून सुकते आणि पुढच्या वर्षी मुळापासून पुन्हा फुटते. या दोन जातींचा संकर १८५७ मध्ये बेल्जियममधल्या एका बागेत आढळला. त्याला ग्रँडिफ्लोरा म्हणतात. रोपवाटिकेत मिळणारी मोठ्या फुलांची, बुटकी, देखणी रोपं बहुतेक वेळा याच संकराची असतात.

ही माहिती फक्त कुतूहलापुरती नाही. तुमच्याकडचं रोप यापैकी कोणतं आहे, त्यावर पुढे बियांचं काय होणार हे ठरतं. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

एक फूल नव्हे, फुलांचा अख्खा मेळावा

बी कुठे तयार होतं हे कळायचं असेल, तर आधी एक फूल हातात घेऊन नीट बघा.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि गलांडा ही सगळी एकाच कुळातली. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो, ती खरं तर अनेक छोट्या फुलांची वस्ती असते. गलांड्याच्या कडेची प्रत्येक 'पाकळी' हे एक वेगळं फूल आहे. आणि मधल्या गोंड्यात दिसणारे बारीक ठिपके, त्यातला प्रत्येक ठिपकाही एक स्वतंत्र फूल आहे.

साध्या, एकेरी गलांड्यात कडेची फुलं बहुतेक वांझ असतात. त्यांचं काम फक्त मधमाश्यांना लांबून बोलावण्याचं. बी धरतं ते मधल्या गोंड्यातल्या फुलांमध्ये. म्हणून सुकलेल्या पाकळ्या कितीही जपून ठेवल्या, तरी त्यातून काही उगवणार नाही.

गोंड्यातली ही फुलंही एकदम उमलत नाहीत. आधी बाहेरच्या वर्तुळातली उमलतात, मग हळूहळू आतली. त्यामुळे बीसुद्धा बाहेरून आत असं पिकत जातं. कडेच्या पाकळ्या गळायला लागतात, तेव्हा मधल्या भागातल्या फुलांचं काम नुकतंच संपत आलेलं असतं. आपण नेमकं याच वेळी 'फूल वाळलं' म्हणून ते खुडतो. आत असतं ते फक्त कोवळं, न भरलेलं बी!

एकच रोप लावलंय? मग बी पोकळ निघणार

दुसरं कारण यापेक्षाही कमी लोकांना माहीत असतं.

गलांड्याच्या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत. त्याच फुलातले किंवा त्याच झाडावरच्या दुसऱ्या फुलातले परागकण आले, तर साधारणपणे बी धरत नाही. परागकण दुसऱ्या झाडाकडून यावे लागतात. निसर्गाने ही सोय केली आहे ती जवळच्या नात्यातलं प्रजनन टाळण्यासाठी.

याचा घरच्या बागेसाठी अर्थ काय?

गॅलरीत एकुलतं एक रोप असेल, तर त्याला फुलं भरपूर येतील, पण गोंडे पोकळ राहण्याची शक्यता जास्त. म्हणून बी हवं असेल तर निदान चार-पाच रोपं जवळजवळ ठेवा. आणि ती बियांपासून केलेली हवीत. एकाच झाडाची छाटकलमं किंवा फुटवे लावून पाच कुंड्या केल्या, तरी शास्त्राच्या दृष्टीने ते एकच झाड. त्यांचे परागकण एकमेकांना उपयोगी पडत नाहीत.

दुसरी गरज मधमाश्या आणि फुलपाखरांची. फुलं आलेली असताना कीटकनाशक फवारलं, तर फुलं दिसायला छान राहतील, पण बी धरायला कोणी येणारच नाही. फारच उंच मजल्यावर राहत असाल आणि माश्या फिरकत नसतील, तर दोन वेगवेगळ्या रोपांची पूर्ण उमललेली फुलं हलकेच एकमेकांवर घासा. गोंड्यातली फुलं टप्प्याटप्प्याने उमलत असल्याने सकाळी चार-पाच दिवस हे करावं लागतं.

पेरणी कधी आणि कशी?

महाराष्ट्रात गलांडा वर्षभर येतो. उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी अशा तिन्ही हंगामांत शेतकरी तो लावतात. सणासुदीला फुलं हवी असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीची पेरणी बरी, कारण पेरणीपासून फुलं यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात.

पण तुमचा हेतू बी धरण्याचा असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी सगळ्यात सोयीची. त्या रोपांना हिवाळ्यात फुलं येतात आणि बी पिकतं ते फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत. पावसाळ्यात फुलणाऱ्या झाडांचे गोंडे ओले राहतात, त्यांना बुरशी लागते आणि बी झाडावरच कुजतं. कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास होतं.

पेरणीची पद्धत सोपी आहे:

- पसरट कुंडी किंवा ट्रे घ्या. तळाला भोकं हवीतच.
- माती भुसभुशीत हवी. बागेची माती, वाळू किंवा कोकोपीट आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण चालतं.
- बी पृष्ठभागावर विरळ पसरा आणि वरून अगदी पातळ, बी जेमतेम झाकेल इतकीच माती भुरभुरवा. उगवायला थोडा उजेड मिळाला तर चांगलं, त्यामुळे बी खोल गाडू नका.
- पाणी झारीने किंवा फवाऱ्याने द्या. धार सोडली तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं.
- साधारण एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसतात.

रोपांना चार-पाच पानं आली की ती वेगळी करा. जमिनीत लावणार असाल तर दोन रोपांत फूटभर ते दीड फूट अंतर ठेवा. कुंडीत लावायचं असेल तर दहा-बारा इंचांच्या कुंडीत एकच रोप पुरे.

जास्त लाड केले की बिघडणारं झाड

गलांडा हे माळरानावरचं झाड आहे. त्याची सवय हलक्या, निचऱ्याच्या जमिनीची आणि टळटळीत उन्हाची. त्यामुळे त्याला गुलाबासारखं वागवलं तर ते रुसतं.

ऊन: दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झाड उंच वाढतं, आडवं पडतं आणि फुलं कमी देतं.

पाणी: वरची माती सुकली की मगच. गलांडा पाण्याअभावी क्वचित मरतो. मरतो तो जास्त पाण्याने, मुळं कुजून. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. काळ्या, चिकट मातीत लावायचं असेल तर गादीवाफा किंवा सरीचा वरंबा करून त्यावर लावा.

खत: लावताना थोडं कुजलेलं शेणखत पुरतं. नत्र जास्त झालं की नुसती हिरवी पानं वाढतात आणि फुलं मागे पडतात.

शेंडा खुडणे: रोप वीतभर झालं की वरचा शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं.

कीड आणि रोग: मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन टाका. पानांवर पांढरी भुरी आली तर दाटी कमी करा म्हणजे हवा खेळेल. आणि एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. फुलांच्या जागी हिरव्या, पानांसारख्या वेड्यावाकड्या वाढी दिसल्या, तर तो तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. असं झाड मुळासकट उपटून टाका, नाहीतर शेजारची झाडंही जातील.

आणखी एक काळजी. गलांड्याच्या पानांत आणि फुलांत अशी काही द्रव्यं असतात की ज्यांच्यामुळे काही लोकांच्या त्वचेवर खाज किंवा पुरळ येते. शेवंती किंवा गाजरगवताने तुम्हाला त्रास होत असेल, तर काम करताना हातमोजे घाला.

फुलं हवीत की बी? झाडाला दोन्ही एकदम जमत नाही

कोणतंही वर्षायू झाड फुलतं ते बी करण्यासाठी. बी तयार व्हायला लागलं की त्याची ताकद तिकडे वळते आणि नवीन कळ्या कमी होतात. म्हणूनच माळी सांगतात की सुकलेली फुलं खुडत राहा, म्हणजे झाड फुलत राहील. सल्ला बरोबरच आहे. फक्त त्या सल्ल्याने बी मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे वाटणी. सात-आठ झाडं असतील तर त्यातली तीन-चार बियांसाठी राखून ठेवा, बाकीच्यांची फुलं मनसोक्त तोडा.

पण बियांसाठी कोणती झाडं राखायची? इथेच बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आपण हंगामभर चांगली फुलं तोडून वापरतो आणि शेवटी जी किरकोळ, उशिरा आलेली फुलं उरतात, त्यांचं बी धरतो. म्हणजे दरवर्षी आपण नकळत सगळ्यात कमकुवत झाडांची निवड करत असतो. जुन्या शेतकऱ्यांची रीत याच्या नेमकी उलट होती. ज्वारीचं सगळ्यात भरदार कणीस आधी बियाण्याला बाजूला काढायचं आणि मग बाकीच्याचं खायचं.

गलांड्यालाही तेच लावा. हंगामाच्या मध्यावर, झाडं जोमात असताना, निरोगी, डेरेदार आणि आवडत्या रंगाची झाडं निवडा. त्यांच्या चांगल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. दोरा बांधलेलं फूल कोणीही तोडायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. देवपूजेसाठी सकाळी फुलं खुडणाऱ्या आजींना तर आधी सांगा!

बी पिकलं, हे कसं ओळखायचं?

दोरा बांधलेल्या फुलाकडे आता रोज लक्ष ठेवा. ते साधारण या टप्प्यांतून जातं:

पहिला टप्पा: कडेच्या पाकळ्या मलूल होऊन गळतात. मागे उरतो एक गोल, केसाळ गोंडा. तो लालसर किंवा हिरवट दिसतो आणि बोटाला घट्ट लागतो. बी अजून कच्चं आहे.

दुसरा टप्पा: गोंडा फुगून चेंडूसारखा होतो. रंग उतरायला लागतो. खालचा देठ अजून हिरवा असतो. अजूनही थांबा.

तिसरा टप्पा: गोंडा भुरकट, वाळक्या गवताच्या रंगाचा होतो. गोंड्याखालचा देठही तपकिरी होऊन सुकतो. अंगठ्याने हलकेच चोळलं की बिया सहज सुटून हातात येतात. हीच वेळ!

पाकळ्या गळल्यापासून इथपर्यंत यायला हवामानानुसार दोन ते चार आठवडे लागतात. या काळात झाड अजिबात छान दिसत नाही. वाळके गोंडे पाहून पाहुणे "हे उपटून का टाकत नाही?" असंही विचारतील. पण बी भरतं ते याच दिवसांत.

फार उशीरही नको. पूर्ण पिकलेला गोंडा वाऱ्याने आपोआप विखुरतो, आणि चिमण्याही त्यावर ताव मारतात. रोज बघणं जमणार नसेल, तर दुसऱ्या टप्प्यावर गोंड्याला मलमलीच्या कापडाची सैल पिशवी बांधा. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो.

गोंडे तोडायचे ते दुपारी, दव पूर्ण उडून गेल्यावर. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर तिसऱ्या टप्प्याच्या जवळ आलेले गोंडे देठासकट कापून घरात आणा आणि कागदी पिशवीत उलटे टांगा. पहिल्या टप्प्यातले गोंडे मात्र तोडून उपयोग नाही, ते घरात पिकत नाहीत.

हारातल्या फुलांचं बी चालेल का?

हा प्रश्न खूप जणांना पडतो. दसऱ्याच्या हारातले झेंडू चुरून टाकले की कधीकधी रोपं येतात, मग गलांड्याचं का नाही?

बाजारात येणारा गलांडा फूल ताजं आणि पूर्ण उमललेलं असताना तोडलेला असतो. म्हणजे बी भरायला सुरुवातही नीट झालेली नसते. त्यामुळे निर्माल्यातल्या गलांड्यातून रोपं मिळण्याची आशा जवळपास नाही. त्या फुलांचं खत करा, ते जास्त उपयोगी.

साफसफाई आणि साठवण

गोंडे तळहातावर चोळले की खूप भुसा निघतो. त्यातली बी ओळखायची कशी? गलांड्याची बी लहान, निमुळती, बुडाशी केसाळ आणि डोक्यावर कागदासारख्या पांढरट पात्यांचा तुरा असलेली असते. लांबून ती बॅडमिंटनच्या फुलासारखी दिसते. तुरा काढायची गरज नाही, तो तसाच पेरला तरी चालतं.

घरात सूप असेल तर हलक्या हाताने पाखडा. भुसा पुढे उडतो, भरलेलं बी मागे राहतं. बी हलकं असतं, त्यामुळे जोराने पाखडू नका. सूप नसेल तर ताटलीत घेऊन हळूच फुंकर मारा. दोन-चार बिया नखाने दाबून बघा. भरलेली बी टणक लागते, पोकळ असेल तर चटकन चेपते.

मग बी वर्तमानपत्रावर पसरून सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी आठवडाभर सुकवा. कडक उन्हात, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये नको. जास्त उष्णतेने बीमधला जीवच जातो.

साठवताना एक ठोकताळा लक्षात ठेवा. बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान सुमारे पाच अंशांनी उतरलं तरीही तेच. म्हणजे बियांचे शत्रू दोनच, दमटपणा आणि उष्णता. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमटपणाची काही कमी नसते.

त्यामुळे:

- बी कागदी पाकिटात भरा. पाकिटावर फुलाचं नाव, रंग आणि बी धरल्याचा महिना-वर्ष लिहा. "लक्षात राहील" असं वाटतं, पण राहत नाही.
- ही पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नवीन बूट-चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका. नसतील तर कापडात बांधलेले चमचाभर भाजलेले, कोरडे तांदूळही थोडा ओलावा शोषतात.
- बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत तर उत्तम. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. बरणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड बियांवर बाष्प जमतं.

पेरणीआधी उगवण तपासून घ्या. ओल्या टिश्यू पेपरमध्ये २० बिया गुंडाळून डब्यात ठेवा, कागद सुकू देऊ नका. दोन आठवड्यांनी मोजा. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के, म्हणजे बी छान आहे. चार-पाचच उगवल्या तर बी दाट पेरा किंवा नवीन धरा.

मुलगी आईसारखीच दिसेल का?

दरवेळी नाही. आणि यात तुमचा दोष नाही.

परागकण दुसऱ्या झाडाचे लागतात, म्हणजे प्रत्येक बीला आई एक आणि वडील दुसरेच. शेजारच्या गच्चीवर पिवळा गलांडा असेल, तर तुमच्या लाल गलांड्याच्या बियांतून मिश्र रंगाची रोपंही निघतील.

तुम्ही संकरित, म्हणजे पाकिटावर एफ-वन लिहिलेलं बी आणलं असेल, तर त्यापासून धरलेल्या बियांची झाडं एकसारखी येणार नाहीत. उंची, रंग, फुलाचा आकार सगळंच बदलतं. गावरान किंवा सुधारित वाणाचं बी मात्र बऱ्यापैकी मूळ झाडासारखं येतं.

रंग शुद्धच ठेवायचा असेल, तर एकाच रंगाच्या दोन-तीन झाडांच्या कळ्यांना उमलण्याआधी मलमलीची पिशवी बांधा. फुलं उमलली की सकाळी पिशव्या काढून ती एकमेकांवर घासा आणि पुन्हा बांधा. नुसती पिशवी बांधून सोडून दिलंत, तर माश्या येणार नाहीत आणि बीही धरणार नाही.

बी वाटा, पण विचार करून

घरचं बी धरण्याचा खरा आनंद ते वाटण्यात आहे. काहींच्या मनात शंका असते की बी धरणं, देणं कायद्यात बसतं का? भारतात २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिलेला आहे. बंधन एवढंच, की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांना बी पाठवताना मात्र सांभाळा. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बियांसाठी परवान्याचे किंवा रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राचे कडक नियम आहेत. पाकीट जप्त होऊ शकतं आणि दंडही लागू शकतो. तसं पाहिलं तर टेक्सासमधल्या आत्याला गलांड्याचं बी इथून पाठवायची गरजच काय? तिच्या घराजवळच्या रस्त्याच्या कडेलाच तो फुलत असेल!

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पावसाळा आला की सोशल मीडियावर 'बीजगोळे फेका, डोंगर फुलवा' अशा मोहिमा सुरू होतात. हेतू चांगला असतो, पण गलांड्याचं बी त्यात घालू नका. तैवानजवळच्या पेंगहू बेटांवर हेच अमेरिकी फूल वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात इतकं पसरलं की आज ते तिथलं अधिकृत फूल आहे. यावरून ते किती चिवट आहे ते कळतं. आपल्या कास पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर अशी रानफुलं आहेत जी जगात फार कमी ठिकाणी सापडतात. त्यांच्या जागेत एका चिवट पाहुण्याला सोडणं योग्य नाही. गलांडा अंगणात, कुंडीत आणि शेतातच शोभतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा, म्हणजे बी कोरड्या हवेत पिकेल.
- बियांपासून केलेली निदान चार-पाच रोपं जवळ ठेवा.
- फुलं असताना कीटकनाशक फवारू नका.
- हंगामाच्या मध्यावर सगळ्यात चांगल्या फुलांना दोरा बांधा.
- गोंडा भुरकट होऊन देठ सुकेपर्यंत थांबा.
- सावलीत सुकवा, नाव-तारीख लिहा, कोरड्या आणि थंड जागी ठेवा.

एका चांगल्या भरलेल्या गोंड्यातून कुंड्यांची एक रांग होईल इतकं बी सहज मिळतं. त्यासाठी खर्च शून्य आहे. लागतो तो फक्त तीन-चार आठवड्यांचा धीर, तोही झाड अगदीच वाळकं, टाकाऊ दिसत असताना. यंदा निदान एका फुलाला दोरा बांधून बघा. आणि बी निघालं की त्यातलं अर्धं शेजाऱ्यांना द्या, कारण पुढच्या वर्षी तुमच्या गलांड्याला बी धरायला त्यांच्याच झाडांचे परागकण लागणार आहेत!